किसनमामांचा उजवा पाय

किसनमामांच्या खुर्चीपुढच्या जमिनीला एक खड्डा होता. शेणानं सारवलेली स्वच्छ जमीन, आणि बरोबर उजव्या पायाखाली वीतभर लांब, दोन बोटं खोल खळगा. मामी दर आठ दिवसांनी तो मातीनं भरायची, वरून सारवायची, आणि पुढच्या सारवणापर्यंत मामा तो पुन्हा पाडून ठेवायचे. कारण मामा खुर्चीत बसून ब्रेक दाबायचे.

समोर ना गाडी, ना रस्ता. अंगणातली तुळस आणि दोरीवर वाळणारं मामीचं लुगडं, एवढंच. तरी घटकाभरानं त्यांचा उजवा पाय आपोआप पुढं सरकायचा, टाच रुतायची, जबडा आवळला जायचा आणि थोड्या वेळानं सगळं सैल पडायचं. पाहुण्यांना वाटायचं, यांच्या पायात गोळे येतात. आम्ही घरची माणसं कुणाला काही सांगत नसू.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. मेहकरात आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. आधी खाजगी सर्व्हिस मोटारीवर आणि महाराष्ट्र झाल्यावर एसटीवर मिळून तीस वर्षं ड्रायव्हर. "कोंबडी नाई मेली बे माह्या हातानं," हे ते दिवसातून एकदा तरी सांगायचे. पण रिटायर होऊन स्टिअरिंग सुटलं आणि भीतीनं त्यांना धरलं ते धरलंच. दुसरा माणूस काहीही चालवायला लागला की मामांचा पाय दाबायला लागे. बैलगाडीत दाबत. जत्रेतल्या पाळण्यात बसवलं तर दाबत. वरातीत नवरदेवाचं घोडं जरा उधळलं, तर हे मांडवात उभ्या उभ्या ब्रेक मारत. न्हाव्याचा वस्तरा गालावरून भरभर उतरू लागला की खालून पाट करकरे. बाजारातला वहाणा शिवणारा त्यांच्या एकट्या उजव्या वहाणेला तळ लावून द्यायचा. डावी तशीच्या तशी नवी.

त्यांचा एकुलता एक वसंता ट्रकवर होता. नागपूरहून निघायचा आणि पार कलकत्त्यापर्यंत जायचा. दोन-तीन महिन्यांनी एक कार्ड यायचं. मामा ते एकदाच वाचून देवाच्या तसबिरीमागं खोचायचे आणि त्याच्याबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. मला वाटे, बापलेकाचं बिनसलं असेल.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मूर्ख होतो. लायसन हातात पडून पंधरा दिवस झालेले. मेहकरहून शेगावला दर्शनाला जाणारी माणसं नेण्या-आणण्यासाठी गाडी घ्यायची, असं घरात ठरलं होतं. गाड्या दोन होत्या. एक मेहकरच्याच डॉक्टरांची छोटी, चार सिलिंडरची, चढावर दमेकऱ्यासारखी धापा टाकणारी. दुसरी खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठची, आठ सिलिंडरची, बाटलीसारखी हिरवी अमेरिकन. तिचं बोनेटच आमच्या ओसरीएवढं होतं. मी ती एकदा पाहिली आणि मला जेवण गोड लागेना.

बाबांनी एकच अट घातली. "किसनराव हो म्हनतीन, तं घेऊ."

मी मामांपुढं जाऊन बसलो. आठ सिलिंडर, आठ सिलिंडर असा जप केला. मामांनी ऐकून घेतलं आणि नेहमीचं वाक्य टाकलं, "पळते तं सारीच. थांबते कोन, ते पाह्य."

"मामा, चालवून तं पाहू."

"हाव. तांब्या घेऊन येतो."

हा तांब्या सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध होता. मामांनी जितके ड्रायव्हर शिकवले, ते सगळे या तांब्यावर पास झाले. काठोकाठ पाणी भरून मामा तो मांडीवर धरून शेजारी बसायचे. गाडी परत येईपर्यंत पाणी सांडलं नाही तर पोरगा ड्रायव्हर झाला. सांडलं तर घरी जा, शेती कर. यावर अपील नव्हतं. बाबासुद्धा मामांच्या शब्दापेक्षा त्या तांब्यालाच जास्त मानत.

खामगावला आम्ही एसटीनं गेलो. वाटेत मामांनी पुढच्या सीटचा पाय इतका दाबला की त्या सीटवरची बाई दोनदा मागं वळली. शेठनं किल्ली दिली आणि सांगितलं, घाट चढून वर जा, फिरवा आणि या.

चढताना काय सांगू. गाडीला घाट लागलाय हे कळतच नव्हतं. मी हसत होतो, एकटाच. मामा तांब्या दोन्ही हातांनी धरून, डोळे पाण्यावर लावून बसले होते. एक थेंब सांडला नव्हता. वर गाडी वळवली आणि मी मनातल्या मनात तिला हारसुद्धा घातला.

आणि उतारावर मी ती न्यूट्रलला टाकली. आमच्याकडचे सगळे टॅक्सीवाले पेट्रोल वाचवायला घाटात तेच करायचे. गिअर काढायचा आणि गाडी सोडून द्यायची. मला वाटलं, मामांना माझी हुशारी दिसेल.

पहिल्या वळणापर्यंत छान वाटलं. दुसऱ्या वळणावर ब्रेक दाबला तर गाडी थोडी जड झाली. तिसऱ्यावर जळका वास आला. चौथ्या वळणाआधी पाय पार खालपर्यंत गेला आणि गाडीला त्याचं काहीच वाटलं नाही. डाव्या हाताला दरी होती. तिच्यातली पळसाची झाडं मला वरून दिसत होती, शेंडे दिसत होते. मी मरणार हे मला समजलं होतं, आणि आईला कोण सांगेल हा प्रश्न डोक्यात फिरत होता. "मामा, लागत नाई," एवढंच मी म्हणालो.

खुर्चीत बसून तुळशीला घाबरणारा तो माणूस त्या वेळी अजिबात घाबरला नाही. आवाज चढवला नाही की मला शिवी दिली नाही. शाळेत पाढे सांगावेत तसं मामा बोलले.

"क्लच दाब. दाबला? आता रेस दे. अजून दे, भेऊ नको. टाक दुसऱ्यात."

मला गिअर सापडेना. तेव्हा मामांनी तांब्या सोडला. तीस वर्षांत तो त्यांनी चालत्या गाडीत सोडला नव्हता. त्यांचा हात माझ्या हातावर आला आणि दोघांनी मिळून दांडा ओढला. इंजिन गुरासारखं हंबरलं, गाडी हिसका खाऊन हळू झाली. "हे आठ सिलिंडर कामाले लाव नं आता. डोंगराकडून घे. घास, घासू दे." डोंगराच्या मुरमाला उजवं मडगार्ड घासत घासत गाडी एका खडीच्या ढिगाऱ्यात जाऊन उभी राहिली.

मामांचं धोतर मांडीपासून चिंब झालं होतं. तांब्या पायाशी आडवा पडला होता. आणि त्यांचा उजवा पाय अजून पुढं रुतलेला होता, वहाणेचा अंगठा तुटून बाजूला पडला होता.

"मामा, थांबली गाडी," मी म्हणालो.

"हाव," ते म्हणाले. पण पाय काढायला त्यांना वेळ लागला. मग खाली उतरून ते रस्त्याच्या कडेला बसले आणि तुटलेला अंगठा वहाणेत उलट्या बाजूनं बसवू लागले.

ब्रेक निवल्यावर आम्ही बैलाच्या चालीनं गाडी खामगावला नेली. मामांनी शेठला ओरखडे स्वतः दाखवले आणि हात जोडले. मी खाली मान घालून उभा होतो. आता बाबांना सगळं कळणार, गाडी तर गेलीच, पण स्टिअरिंगला हात लावायचीही सोय राहणार नाही, हे दिसत होतं. गाडी चालवण्यापलीकडं मला काही येत नव्हतं.

संध्याकाळी मेहकरच्या स्टँडवर उतरलो. मामा तुटकी वहाण हातात घेऊन हापशाकडं गेले, तांब्या काठोकाठ भरला आणि तसाच सावकाश आमच्या ओसरीवर आणून बाबांपुढं ठेवला.

"पोरगं पास आहे," ते म्हणाले. "गाडी बेकार. आठ सिलिंडर नुसते पेट्रोल पितेत. डॉक्टरची घ्या."

बाबांनी तांब्यात वाकून पाहिलं आणि मान डोलावली. तीस वर्षांत मामांनी त्या तांब्याच्या बाबतीत हे एकच खोटं केलं, आणि तेही माझ्यासाठी. मला रडू आलं म्हणून मी घरात गेलो.

डॉक्टरांची गाडी आली. मामांनी तिच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मी सकाळी शेगावला निघायचो आणि दिवेलागणीच्या आत परत यायचो. घाटात दुसरा गिअर काढायचा नाही, हे कुणी सांगावं लागलं नाही.

दोनेक महिन्यांनी एकदा शेगावहून आणलेला प्रसाद द्यायला मामांकडं गेलो. मामा खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसले होते. मामी शेणाची पाटी घेऊन त्यांच्या पायाशी थांबली होती. खड्डा पूर्वीपेक्षा चांगलाच मोठा झाला होता.

"पाह्य बापू," मामी म्हणाली, "आंधी आठ दिवस पुरे सारवन. आता चार दिवसांत उखडते."

"काऊन?"

"आंधी एकच गाडी होती. वसंताची. पोरगं आता कोन्या घाटात असन, असं यायले वाटे, आन् हे अथी बसून दाबत. आता तू बी लागला रस्त्याले. सकाळी तुही गाडी निघाली का खुर्चीत येऊन बसतेत. जेवाले उठत नाईत."

मी मामांकडं पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. तसबिरीमागून वसंताच्या कार्डांचे कोपरे बाहेर आले होते, एकही कार्ड फेकलेलं नव्हतं.

"गाडी कोठी लावली?" पेपरामागून आवाज आला.

"दारात, मामा."

"हँडब्रेक वढला का बे?"

"हाव मामा."

मग त्यांनी पाय उचलला, आणि मामीनं तिथं शेणाचा हात फिरवला.