दोन्ही घरची रेघ

आत्याने उभ्या आयुष्यात थोरल्या भाच्याच्या एकाही कामाला बरं म्हटलं नव्हतं. त्याला नोकरी लागली तेव्हा "बघू किती टिकते" आणि लग्न ठरलं तेव्हा "मुलीला सगळं नीट सांगितलंय ना?" एवढेच तिचे आशीर्वाद. म्हणून तिच्या पंच्याहत्तरीला फोटोंचं पुस्तक करायचं ठरलं, तेव्हा ते हाताने करायला त्याने साफ नकार दिला. हाताने चुका होतात. तो पडला संगणकवाला. त्याने स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचनांची यादी, लिहिली.

पुस्तकाचे भाग चार: आत्या/एक, आत्या/दोन, असे. स्क्रिप्टने 'आत्या'ला आकडा जोडून त्या नावाचा फोल्डर करायचा, त्यात फोटो भरायचे, तेच नाव पानाच्या डोक्यावर छापायचं आणि पुस्तक परस्पर छापखान्यात धाडायचं. आकडे आणि फोटो धाकटा भाऊ पुरवणार होता.

पहिल्याच चाचणीत 'आत्या//एक' उमटलं.

"मधे दोन रेघा कशा आल्या रे?" थोरल्याने फोन केला.

"आकड्याच्या आधी मी घातलीय एक."

"आणि 'आत्या'च्या पुढे मी!"

"मग एक काढू या."

"काढू या."

त्या दिवशी कधी नव्हे ते भावाभावांत भांडण नव्हतं. दोघांनीही समजूतदारपणे आपापली रेघ काढली. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो तो असा. संगणकाने तक्रार केली नाही. त्याला नाव मिळालं, त्याने फोल्डर केला.

पुस्तक आलं तेव्हा आत्या बाहेरच्या खोलीत चष्मा पुसत बसली होती. थोरल्याच्या बायकोने स्वयंपाकघरात दोघा भावांसमोर पुडकं फोडलं.

"आत्याएक, आत्यादोन... हे काय हो? आत्यातीन..." तिने पुढचं पान उलटलं. "अहो, चौथा भाग बघा."

ठसठशीत अक्षरांत छापलं होतं: आत्याचार. खाली फोटोत आत्याने धाकट्याचा कान पिळला होता. शेजारी थोरल्याचं नाक दाबून औषध पाजणं चाललं होतं.

"भाजीतल्या मिठासारखं झालं तुमचं," बायको म्हणाली. "आधी दोघांनी घातलं, मग कोणीच नाही."

"दोन्हीकडच्या रेघा पुसून मधे आपली एकच घाल, असं स्क्रिप्टलाच सांगायला हवं होतं," धाकटा म्हणाला.

"हे कधी सुचलं तुला?"

"आत्ता."

"कुजबुज कसली चाललीय?" बाहेरून आवाज आला. "आणा ते इकडे."

थोरला आत्याला खेटून बसला आणि चौथ्या भागाच्या मथळ्यावर त्याने प्रेमाने अंगठा ठेवला.

"अंगठा उचल, गाढवा."

आत्याने मथळा वाचला. मग फोटो पाहिले, एकेक, सावकाश.

"आत्या, ते आम्ही नाही, ते संगणकाने..."

"पेन दे."

तिने 'आ'चा काना खोडला.

"मजकूर बरोबर आहे," ती म्हणाली. "शुद्धलेखन चुकलंय."

आणि तिने पान उलटलं.

धाकट्याने थोरल्याला कोपर मारलं. "दादा," तो हळूच म्हणाला, "'बरोबर' म्हणाली."