ठाणेदाराचं उपोषण

पुसदच्या नीळकंठरावांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. नोकरीत असताना ते कर्मचारी संघटनेचे सचिव होते, आणि रुसलेल्या माणसाला जेवायला बसवल्याशिवाय ते कधी उठले नव्हते. त्यामुळे ठाणेदारानं, म्हणजे घरच्या बोक्यानं, सकाळी दुधाला तोंड लावलं नाही तेव्हा ते घाबरले नाहीत. उलट निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या अंगात तरतरी आली.

"उपोषण हाये," त्यांनी बायकोला सांगितलं. "काल तू त्याले लाटणं दाखवलं नं?"

"साय चाटून राह्यलता तो," शोभाताई म्हणाल्या. "मले तर बिमार दिसते. दवाखान्यात नेऊ."

"दवाखान्यात नेलं म्हंजे आंदोलन चिरडल्यासारखं होते."

दुपारी ठाणेदार त्याच्या वाळूच्या टोपल्यात जाऊन बसला. उठला, फिरला, पुन्हा बसला. मधूनच लांबलचक ओरडत होता. वाळू मात्र कोरडीच.

"हा ठिय्या," नीळकंठरावांनी खुर्ची ओढली. "घोषणा बी सुरू झाल्या."

"अहो, कुंथून राह्यला तो!"

"मागणी काय हाये ते समजलं पाह्यजे." त्यांनी सायीची अख्खी वाटी पुढं केली. ठाणेदारानं तोंड फिरवलं आणि शेजारी थोडं पिवळं ओकला. नीळकंठरावांनी गंभीरपणे मान डोलावली. प्रस्ताव फेटाळला गेला होता.

संध्याकाळी त्यांनी तोडगा काढला. "तुले माफी मागा लागन."

"बोक्याची?"

"मोठं मन कर. म्या साहेबाले माफी मागाले लावली होती एकदा."

जन्मात कुणापुढं न वाकलेल्या शोभाताई वैतागून टोपल्याशी बसल्या. "चुकलं बापा माह्यं," म्हणत त्यांनी बोक्याच्या पोटाखाली हात घातला. तो जिवाच्या आकांतानं किंचाळला. शोभाताईंचा चेहरा उतरला.

"अहो, पोट दगडावानी लागून राह्यलं."

नीळकंठरावांनी हात लावून पाहिला आणि त्यांचं सारं सचिवपद गळून पडलं. ऑटोत बोक्याला टॉवेलात धरून ते चालकासमोर उघड रडले. "थांब रे बापू," एवढंच म्हणत होते.

डॉक्टर गौरी पोट चाचपतच म्हणाल्या, "लघवी अडकलीय. कधीपासून?"

"सकाळपासून उपोषण, दुपारपासून ठिय्या."

"काय?" डॉक्टरांनी वर पाहिलं. "काका, बोका वारंवार वाळूत बसून कुंथतोय आणि थेंब पडत नाही, म्हणजे त्याच घडीला आणायचं. उद्या आणला असता तर वाचला नसता."

नळी घालून लघवी मोकळी केली. दोन दिवस त्याला तिथंच ठेवून घेतलं. परत आल्यावर ठाणेदार पोटभर जेवला. नीळकंठरावही जेवले. शोभाताई मात्र भिंतीकडं तोंड करून बसल्या, ताटाकडं बघेनात.

नीळकंठराव आता शहाणे झाले होते. "जेवली काहून नाही? पोट दुखते का? दगडावानी लागते का?" त्यांनी घाईनं चप्पल पायात सरकवली. "चाल, ऑटो बोलावतो. आता मी थांबत नसतो."

"मले काही झालं नाही," भिंतीकडून आवाज आला. "मी रुसली."

"कायले?"

"तुम्ही मले बोक्याची माफी मागाले लावली. अन् तो तर रुसलाच नव्हता."

नीळकंठराव एका पायात चप्पल घालून दारातच उभे राहिले. आजवर इतकी भांडणं मिटवली, पण प्रत्येक वेळी माफी दुसऱ्यानंच मागितली होती. स्वतः मागायची कशी, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.