गॅलरीतून उतरायची सोय

खराडीतल्या आमच्या ऑफिसात आगीपासून बचाव कसा करायचा यावर व्याख्यान झालं. नंतर समोसे होते, म्हणून मी शेवटपर्यंत बसलो. तिथेच चूक झाली. "प्रत्येक घरात संकटकाळची तयारी हवी," असं वक्ते म्हणाले आणि ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

तयारीचं सामान दुकानात पाहिलं आणि किंमत ऐकून हळूच परत ठेवलं. (आमची पगारवाढ थांबलीय. 'दिवस कठीण आहेत' असं साहेब नव्या गाडीतून उतरता उतरता सांगतात.) मग ठरवलं, सगळं घरातल्या घरात जमवायचं. टॉर्च होताच. शिट्टी हवी म्हणून कुकरची काढून पिशवीत टाकली. (ती तोंडाने वाजत नाही. मी प्रयत्न केलाय.) त्या दिवशी माझी बायको शालन हिने न शिजलेल्या डाळीकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं.

राहिला दोर. बिबवेवाडीत आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. ग्रिल परवडलं नाही म्हणून गॅलरी उघडी, म्हणजे पळायला वाट तयारच. आणि माळ्यावर जुन्या साड्यांचं गाठोडं होतं.

रविवारी खालच्या मजल्यावरच्या संभाजीरावांच्या शेफालीला बघायला पाहुणे येणार होते. शालन मदतीला गेली. जाताना म्हणाली, "अहो, आजचा एक दिवस शहाण्यासारखे घरात बसा."

बसलो. पण हात रिकामे. साड्यांना पीळ दिला, एकीला एक गाठी मारल्या, एक टोक रेलिंगला बांधलं, दुसरं माझ्या कमरेला. उतरायचं नव्हतंच. रेलिंगपलीकडे उभं राहून जरा भार टाकून बघायचा, इतकंच. पण गाठी मी मारलेल्या. त्या सरकल्या आणि त्यांच्याबरोबर मीही. सर्रकन एक मजला खाली आलो आणि थांबलो तो संभाजीरावांच्या गॅलरीच्या ग्रिलला पालीसारखा चिकटून. आत पाहुणे पोह्यांच्या बशा घेऊन बसलेले.

"कोण आपण?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. चमचा खाली ठेवला नाही.

"मी... वरचा."

मुलाच्या आजीने हात जोडले.

"असे नेहमी येता?"

"नाही, पहिल्यांदाच."

एवढ्यात शालन चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईने तिला विचारलं, "हे गृहस्थ कोण? ओळखता का तुम्ही?"

शालनने माझ्याकडे नीट पाहिलं. इतकं नीट तिने मला लग्नाआधीही पाहिलं नव्हतं. "नाही," ती म्हणाली.

(मला रागही आला नाही. तिच्या जागी मी असतो तर पोलिसांना फोन केला असता.)

मग तिची नजर माझ्या कमरेवर गेली. ट्रेमधले कप खणखणले.

"अहो! ही आईची इरकल!"

'अहो' म्हटल्यावर नातं लपायला जागाच उरली नाही. पण मला त्याची लाज वाटली नाही. लाज वाटली ती साडीची. तिची आई गेल्यावर तिने एवढी एकच साडी मागून घेतली होती, हे मला ठाऊक होतं. गाठोड्यातून ओढताना मी बघितलंच नव्हतं. तेवढ्यात वर कुठेतरी टर्र असा आवाज झाला. खरं तर मी घाबरायला हवं होतं. मला फक्त शालनकडे बघवत नव्हतं.

बघायला आलेला मुलगा, ऋषी, उडी मारून गॅलरीत आला आणि ग्रिलमधून त्याने माझा पट्टा धरला. शेफालीने मनगटं धरली. माझ्या घराला आतून कडी, म्हणून संभाजीराव मांडववाल्याकडे शिडी आणायला धावले. बाकी सगळे खाली, मी पडलोच तर झेलायला. वर आम्ही तिघेच.

"दमला असाल तर पट्टा मी धरते," शेफाली म्हणाली.

"नको, तुम्ही मनगटं सोडू नका." त्याने पट्ट्यावरची पकड घट्ट केली. मग तोच म्हणाला, "तुम्हाला ट्रेकिंग आवडतं?"

"खूप. तुम्हाला स्वयंपाक येतो?"

"भात येतो. काका, प्लीज, हलू नका."

मी मान दुसरीकडे वळवली. तेवढाच एकांत मला देता येत होता.

शिडी आली, मी उतरलो. शालनने माझ्या कमरेची गाठ सोडली, फाटलेला काठ बोटांनी सारखा केला आणि भर रस्त्यात साडीची घडी घालायला लागली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"रफू करून आणतो," मी पुटपुटलो.

"राहू दे. तुम्ही हात लावू नका."

तिचा आवाज ओला होता. मी स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघत उभा राहिलो.

संध्याकाळी संभाजीराव पेढे घेऊन वर आले. "जमलं! ऋषीने तिथल्या तिथे होकार दिला, शेफालीनेही."

दिवसभरात पहिल्यांदा मला श्वास घेतल्यासारखं वाटलं. "म्हणजे एका अर्थी माझ्यामुळेच..." मी सुरुवात केली.

"हो, पण त्याच्या वडिलांनी एकच गोष्ट विचारलीय," संभाजीराव चाचरत म्हणाले. "ते वरचे गृहस्थ तुमच्या नात्यात तर नाहीत ना?"

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून शालनचा आवाज आला.

"नाहीत म्हणून सांगा, भाऊजी. तो मान माझा एकटीचाच आहे."