हकीकत चांगुणाबाईंचे उजवे गुडघियाची

त्रिरत्नांस वंदन करोन लिहावयाचे की, नासिक शहरी, उपनगर प्रांती, राजश्री झुंबरराव पगारे, देवळाली कॅम्पातील लष्करी कचेरीचे निवृत्त हेडक्लार्क, यांचे कुटुंब सकळगुणसंपन्न चांगुणाबाई, वय वर्षे त्रेसष्ट, निवृत्त गणितशिक्षिका, यांचे उजवे गुडघियावर संधिवाताने चढाई केली, आणि तीन सालांत हाडांमधील कूर्चेचा बहुत मुलूख झिजविला, त्यास बाईंनी कैसे तोंड दिले ते यथास्थित लिहितो.

बुद्धपौर्णिमेस त्रिरश्मी लेण्यांवर चढोन वंदना करावी, हा बाईंचा बत्तीस वर्षांचा परिपाठ. तो मोडला. घरची मंडळी वर जाई आणि बाई पायथ्याशी बाकावर बसोन सर्वांच्या चपला राखीत. ही नामुष्की बाईंचे जिव्हारी लागली.

तेव्हा झुंबररावांनी मोहिमेची सूत्रे हाती घेतली. प्रथम निर्गुडीचे तेल, मग एरंडाची पाने, मग गरम वाळूचा शेक, मग पट्टा, ऐसे मोर्चे लागले. येणेकरोन घरास वास बहुत आला, परंतु गुडघियास गुण आला नाही.

इतक्यात कॉलेज रोडवरील एका हॉटेलाचे दालनी 'एक सुई, नवा गुडघा' ऐसा जलसा भरला. बाई खासा गेल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. टाय लावलेल्या वक्त्याने मूळपेशींचा महिमा गाइला, आणि पडद्यावर चालो लागलेल्यांचा आकडा लिहोन खाली नाचणाऱ्या आज्या दाखविल्या. मग बाईंनी हात वर केला.

"चालायला लागले ते तुम्ही वर लिहिलंत. खालचा छेद सांगा. एकूण किती जणांना सुई दिली?"

"मॅडम, आपण पॉझिटिव्ह राहायचं."

"मी पॉझिटिव्हच आहे. छेद सांगा."

वक्त्याने छेदाऐवजी सँडविच आणविले. बाई भिंत धरोन उठल्या आणि सँडविच न खाता बाहेर पडल्या.

मग सून अंजली हिने मसलत केली आणि सासूबाईंस हाडांच्या डॉक्टर उज्वला शेवाळे यांचे भेटीस नेले. डॉक्टरीणबाई मंजुरी घेऊन या उपचाराचा अभ्यास चालवीत होत्या. त्यांनी गुडघियाचा एक्स-रे फोटो उजेडी धरला आणि साफ बोलिल्या.

"झीज मध्यम आहे. तुमच्याच कमरेच्या हाडातली मज्जा काढून, त्यातल्या पेशी वेगळ्या करून गुडघ्यात सोडता येतात. नवी कूर्चा उगवेल असं मी सांगणार नाही. दुखणं कमी होऊ शकतं, नाहीही होणार. म्हणून तर अभ्यास चाललाय."

"छेद?" बाईंनी पुसिले.

"एकतीस. त्यातल्या एकोणीस जणांना आराम पडला, बारा जणांना नाही."

बाईंचे मुखावर तीन सालांनी हसू आले. संमतीचे अकरा पानी कागद त्यांनी तेथेच वाचिले, शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या, आणि खाली सही ठोकिली.

घरी ही वार्ता जाताच झुंबरराव बहुत चिंतातुर जाहले.

"आपल्याच कमरेचं काढून आपल्याच गुडघ्यात? ही तर अंतर्गत बदली झाली. वर ऑर्डर कोणाची?"

"माझी," बाई म्हणाल्या.

मग नेमिले दिवशी बाई पालथ्या निजल्या. कमरेची जागा बधिर करोन डॉक्टरीणबाईंनी मज्जा काढिली, ती यंत्रात गरागरा फिरविली, आणि पडद्यावर सांधा पाहोन नेमकी आत सोडिली. ऐसी कमरेची कुमक गुडघियास पोहोचली. झुंबररावांनी बाहेर बाकावर डोळे मिटोन घेतले ते अंजलीने हलविले तेव्हाच उघडिले.

परंतु तिसरे दिवशी गुडघा नारळाएवढा सुजला. झुंबररावांनी तेलाची बाटली काढिली. बाईंनी बर्फ मागविला आणि बाटली परत फडताळी रवाना केली. पुढे सूज ओसरली, आणि सनी नामे व्यायामाचे तज्ज्ञ यांनी अंमल बसविला: खुर्चीतून हात न टेकता उठावे, रबराचा पट्टा पायाने ताणावा, आणि हे रोज करावे. बाईंनी भिंतीवर तक्ता डकविला आणि चार मास एक घर कोरे ठेविले नाही. ठणका कमी जाहला. आता हा पराक्रम पेशींचा की व्यायामाचा, हे खुद्द डॉक्टरीणबाईंनीही छातीठोक सांगितले नाही, मग आम्ही कोण सांगणार?

वैशाखी पौर्णिमा आली. सकाळी साडेसहाचे सुमारास स्वारी त्रिरश्मीचे पायथ्याशी दाखल जाहली, आणि शुभ्र साडी नेसोन बाई चढो लागल्या. पन्नास पायऱ्यांवर पाणी प्याल्या, शंभरावर दम घेतला, आणि आणखी तीस चढोन मागे पाहतात तो झुंबरराव नाहीत. ते वीस पायऱ्या खाली कठडा धरोन बसले होते. बाई मागे उतरोन गेल्या.

"काय झालं?"

"काही नाही. तू हो पुढे."

"अहो, काय झालं?"

"डावा गुडघा," झुंबरराव पुटपुटले. "दोन वर्षं झाली. बोललो असतो तर तू मलापण सुई टोचवली असतीस."

बाई त्यांचेजवळ पायरीवर बसल्या आणि इतक्या हसल्या की वर जाणारी मंडळी थांबोन पाहो लागली. मग झुंबररावही हसो लागले. हसणे सरल्यावर बाईंनी हात पुढे केला, त्यांनी तो धरिला, आणि उभयतां एकेक पायरी, थांबत थांबत, चढोन गेली.

येणेप्रमाणे सात वाजोन चाळीस मिनिटांनी त्रिरश्मी सर जाहला. लेणियात गारवा होता. बाईंनी बुद्धमूर्तीपुढे दोन्ही गुडघे दगडावर टेकिले, कपाळ टेकिले, वंदना पुरी केली. अंजली हात देण्यास धावली. बाईंनी तिला मानेने नको म्हटले, आणि कोणाचा आधार न घेता आपल्या आपण उठोन उभ्या राहिल्या. फत्ते जाहली. लिहिले प्रमाण.