सांगवीतलं चार बटणांचं इंजिन

कोणतंही यंत्र दोन गोष्टींवर चालतं: इंधन आणि सल्ला. पैकी इंधन संपतं.

हा सिद्धांत सांगवीत नव्याने सिद्ध झाला तो सावळारामच्या गाडीमुळे. सावळाराम हा साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यातून निवृत्त झालेला माणूस. गाडी लहान, पांढरी, पंधरा वर्षांची, आणि खरं म्हणजे त्याची नव्हेच, त्याच्या बायकोची. यशोदेने पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकून घेतली. शिकवणाऱ्याचं सगळं तिने ऐकलं, फक्त क्लच ती वेळेआधी सोडायची. गाडी आचका देऊन बंद पडायची. सावळारामने तीन महिने तिला समजावलं. मग तिचा नाद सोडून त्याने इंजिनाला समजावलं. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साडेआठशे फेरे घेतं, ते त्याने साडेअकराशेवर नेऊन ठेवलं. त्यानंतर यशोदेची गाडी चौकात कधी बंद पडली नाही.

यशोदा मागच्या वर्षी गेली. पाच महिन्यांनी गाडीचा कंट्रोल डबाही गेला. (दोन्हींचा संबंध नाही. डबा उंदराने कुरतडला होता.)

पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, इंजिन तापलंय का गार आहे, हे सगळं हा डबा ठरवतो. कंपनी तो राळेने भरून कायमचा बंद करते, म्हणजे आत धूळ, पाणी आणि ग्राहक जाऊ नयेत. दुरुस्तीच्या दुकानात (दुकान वातानुकूलित होतं, म्हणजे ज्ञान असणारच) सखोल तपासणीअंती पुढील निष्कर्ष निघाला: डबा बदलावा लागेल, तसला डबा आता बनत नाही, सबब गाडी बदलावी. तर्कात कुठेही खोट नव्हती.

लेक सोनम इंदापूरला दवाखान्यात नर्स आहे. तिने फोनवर निकाल दिला. दसऱ्यापर्यंत गाडी आपल्या पायांनी इंदापूरला आली तर राहील. दोरीने ओढत आणावी लागली तर तशीच भंगारात जाईल.

सावळारामने डबा घरीच करायला घेतला. तळहाताएवढा बोर्ड कुरिअरने आला, सेन्सर भंगारातल्या दुसऱ्या गाडीचे मिळाले. पेटी म्हणून त्याने स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा घेतला. जाड स्टील, घट्ट झाकण, आत सात वाट्या. एवढी सोय कंपनीलाही सुचलेली नाही. वाट्यांना आतून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. हळदीच्या वाटीत पेट्रोलचं सर्किट बसलं, मोहरीच्या वाटीत ठिणगीचं, जिऱ्याच्या वाटीत तापमानाचं. हिंगाच्या वाटीचा वास घासूनही जाईना, म्हणून ती रिकामीच ठेवली. इंजिन फार तापलं की गाडीत फोडणीचा वास येई. (धोक्याची सूचना देणारी ही पद्धत कुठल्याही महागड्या गाडीत नाही.)

तेविसाव्या दिवशी इंजिन सुरू झालं. बरोबर साडेअकराशेवर. आणि अडचण तिथूनच सुरू झाली, कारण आवाज रस्त्यापर्यंत गेला.

आपल्याकडे एकट्याने पुरं केलेलं काम अपुरं धरतात. त्यात चार जणांचा शब्द पडावा लागतो. सावळारामच्या घरापुढे त्याच संध्याकाळी एक सल्लागार मंडळ अस्तित्वात आलं. ते कोणी नेमलं नव्हतं, म्हणून बरखास्तही करता येईना. अध्यक्षपद सोसायटीचे माजी चेअरमन आप्पासाहेब यांच्याकडे आपोआप गेलं. त्यांनी आयुष्यात गाडी चालवलेली नाही, पण मागच्या सीटवरून इंजिनाचा तीस वर्षं अभ्यास केला आहे. ट्रॅक्टर मेकॅनिक भिमा हे तांत्रिक सदस्य. शेजारच्या तानूबाई पशुसंवर्धनाच्या प्रतिनिधी. या आवाजाने त्यांची म्हैस आटत होती.

अकरा दिवसांत एकूण चौसष्ट सल्ले मिळाले. पैकी एक्केचाळीस इंजिनाचे फेरे कमी करण्याबद्दल होते, चौदा वास्तुशास्त्राचे (गाडीचं तोंड दक्षिणेला होतं) आणि नऊ दुसऱ्याच गाडीबद्दल.

"आबा, लय पळतंय हे," भिमा सावळारामला म्हणाला. "उभ्या जागी एवढं पेट्रोल कशाला पाजायचं?"

"ऱ्हाऊ दे. सवय हाय."

"कुणाची?"

"गाडीची," सावळाराम म्हणाला.

सावळाराम चहा आणायला आत गेला तेवढ्यात भिमाने स्क्रू पिळून फेरे आठशेवर आणले. केवळ मदत म्हणून. ते पूर्ववत करायला सावळारामला दोन दिवस लागले. कारखान्यातल्या नोकरीत तो एक गोष्ट शिकला होता: ज्याला विचारलं नाही तो मशीन बंद पडायची वाट बघत बसतो, आणि फार वाट बघायची त्याला सवय नसते.

सबब त्याने डॅशबोर्डवर पंख्याच्या रेग्युलेटरसारखी चार फिरती बटणं बसवली. प्रत्येकाखाली नावाची पट्टी, वर एक हिरवा दिवा. आप्पासाहेब, भिमा, तानूबाई. चौथं सोनमचं, कारण तीही फोनवरून सल्ले द्यायची. बटण फिरवलं की दिवा लागायचा. इंजिनाकडे त्यातली एकही तार गेलेली नव्हती.

परिणाम अपेक्षेपेक्षा चांगले आले. आप्पासाहेबांनी बटण पाव इंच फिरवलं, डोळे मिटले आणि आता कसं शिस्तीत आलं, असा अभिप्राय दिला. भिमाने बॉनेटला कान लावून तीनशे फेरे कमी झाल्याचं प्रमाणित केलं. तानूबाईंची म्हैस दुसऱ्या दिवसापासून अर्धा लिटर जास्त देऊ लागली. (म्हशीला बटण दाखवलेलं नव्हतं. हा मुद्दा विज्ञानाने सवडीने तपासावा.) स्क्रू ड्रायव्हर घेऊन नंतर कोणी आलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी सोनम एसटीने आली आणि स्वतःच स्टिअरिंगवर बसली. बारामतीत भिगवण चौकात सिग्नल सुटला. तिने क्लच सोडला, वेळेआधी, अगदी आईसारखा. गाडी आचका न देता निघाली. सावळाराम पुढची बरीच वाट खिडकीतून ऊस बघत होता. (ऊस त्याने आधी पाहिलेला होता.)

इंदापुरात घरापुढे गाडी लावल्यावर सोनमने आपलं बटण फिरवलं. दिवा लागला. पुन्हा फिरवलं. नर्स असल्याने नळी दिसली की तिचं दुसरं टोक शोधायची तिला सवय. ती डॅशबोर्डखाली वाकली.

"तात्या, ह्या वायरी इंजिनाकडं जातच न्हाईत."

"दिव्याकडं जात्यात."

"आन् ती समदी माणसं?"

"खूश हायती."

ती सरळ बसली आणि तिने विचारलं, "आईलाबी असलंच बटण दिलं हुतं व्हय?"

सावळारामने प्रश्नाचा रीतसर विचार केला.

"न्हाय," तो म्हणाला. "तिनं मला दिलं हुतं. ही गाडी घेताना म्हणली, रंग तुमीच सांगा. मी दोन दिस इचार करून पांढरा सांगितला. परवा कपाटात बुकिंगची पावती घावली. आठ दिस आधीची हाय. पांढरीच."

सोनमने किल्ली काढली. मग तिने विचारलं, "तात्या, गाडी ठिवायची का काढायची? तुमीच सांगा, तुमी म्हणाल तसं."

सावळारामने पुष्कळ विचार केला आणि ठेवायची, असं सांगितलं. किल्ली तिने आधीच पर्समध्ये टाकली होती.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी आजही प्रत्येक गोष्ट त्यांना विचारूनच होते, त्यांनी काळजी करू नये, आणि खाली वाकून तर मुळीच बघू नये. दिवा लागतोय तोवर बटण चांगलंच आहे.