गल्ली छत्तीसमधली गुलमोहराची फांदी

"नुसतं 'वास येतोय' म्हटलं, तर काय माझ्या नाकाला कोर्टात उभं करणार आहेत का?" थोआ शेवयांच्या वाडग्यात तोंड खुपसून पुटपुटली.

थोआचं केस कापायचं दुकान माझ्या शेवयांच्या टपरीसमोर आहे. बोलायचं असेल तेव्हा ती हल्ली वाडग्यात बोलते. वाडग्यातलं बोलणं फोनला ऐकू येत नाही, असा तिचा शोध आहे. मी तिला "हळू" म्हणाले आणि पातेल्यावर झाकण आपटलं. झाकण हा शब्द लिहितानासुद्धा माझा हात अजून अडखळतो. त्याचं कारण पुढे येईल.

वस्तुस्थिती अशी. आमच्या हायफाँग शहरातल्या गल्ली क्रमांक छत्तीसच्या तोंडाशी असलेल्या गटाराचं लोखंडी झाकण एप्रिलच्या तीन तारखेला नाहीसं झालं. झाकण गेलं की आमच्याकडे अर्ज करत नाहीत. ज्याला भोक पहिल्यांदा दिसतं, तो जवळच्या झाडाची फांदी मोडून त्यात उभी खोचतो. सायकलवाले वळसा घालतात, पाऊस आला तरी फांदी दिसते, आणि महानगरपालिकेला सवड होईपर्यंत काम भागतं. या वेळी फांदी मीच खोचली. गुलमोहराची, लालभडक फुलांसकट.

फुलांसकट, कारण न्हुंग आजी. वय एक्याऐंशी. एका डोळ्याने काहीच दिसत नाही, दुसऱ्याने फक्त रंगांचे डाग. तरी रोज पहाटे साडेपाचला हातात कवायतीचा घडीचा पंखा घेऊन तळ्यावर व्यायामाला जातात, भिंतीला हात लावत. लाल डाग दिसला की उजवीकडे सरकायचं, हे मी त्यांना तीनदा चालवून शिकवलं होतं. फुलं सुकली की मी नवी फांदी खोचत असे. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा मला अंडंही उकडता येत नव्हतं. खेकडे कुटून त्यांचा रस्सा कसा करायचा ते आजींनी शिकवलं. त्याच रश्श्यावर माझं घर चाललं आहे.

तर मी फांदीचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. 'झाकण गेलंय. पाय जपा.' बावीस अंगठे आले. या ग्रुपची ॲडमिन मी. शेवया तयार झाल्या की कळवायला मी तो काढला होता, आणि लोक त्यात राहून गेले.

त्याच आठवड्यात खांबावरच्या सरकारी भोंग्याने नवा नियम वाचून दाखवला. कोणत्याही ग्रुपवर खोटी, अतिरंजित किंवा चिंताजनक माहिती आल्यास ती चोवीस तासांत काढण्याची जबाबदारी ॲडमिनची राहील. 'चिंताजनक' म्हणजे काय हे सांगितलेलं नव्हतं. ती जागा मोकळी ठेवली होती, आणि मोकळी जागा दिसली की भरायची मला पहिल्यापासून हौस.

दुसऱ्या दिवशी वॉर्ड कचेरीतला माहिती-संस्कृती विभागाचा तोआन शेवया खायला आला. मिरचीचा ठेचा जास्त मागून घेतला, वाडगा स्वच्छ केला आणि जाताना म्हणाला, "लुयेनताई, ग्रुप छान चालवता. आम्ही रोज वाचतो."

एवढंच. या दोन वाक्यांवर आमचे गल्लीप्रमुख क्वेतकाका तासभर बोलले. तीस वर्षं बंदरावर शिक्के मारलेला माणूस.

"'छान' म्हणाला ना? म्हणजे आतापर्यंत छान. पुढचं तुझ्या डोक्यावर."

"पण काका, रस्सा आवडला म्हणून सहज बोलला असेल."

"सरकार सहज बोलत असतं तर भोंगा कशाला लावला असता? आणि यंदा आपल्या गल्लीला 'सुसंस्कृत गल्ली'ची पाटी मिळायची आहे, हे विसरू नकोस."

मी फोटो पुसला. मग खालचे बावीस अंगठे लोंबकळत राहिले म्हणून तेही पुसले. मग कुणी तरी विचारलं, 'फोटो का पुसला?' ते पुसलं.

लोकांनी युक्ती काढली. भोकाला मावशी म्हणायचं आणि झाकणाला टोपी. 'मावशी आजही टोपी न घालताच बसल्यात.' 'अहो, मावशींच्या तोंडाला फार वास येतो.' हे मला कळत होतं, म्हणजे तोआनलाही कळणार, म्हणून मी मावशी आणि टोपी दोन्ही बंद केल्या. नेमकी तेव्हा थोआची सख्खी मावशी गावाहून आली आणि तिची टोपी बसस्टँडवर राहिली. थोआने ग्रुपवर चौकशी केली. मी अर्ध्या मिनिटात पुसली. म्हातारी डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून उन्हातून परत गेली. थोआने चार दिवस माझ्याकडे शेवया खाल्ल्या नाहीत.

दुसऱ्यांचं पुसताना मी स्वतःची गोपनीयता मात्र डोळ्यांत तेल घालून जपत होते. फोनच्या कॅमेऱ्यावर कंबरदुखीची पट्टी चिकटवली. त्यामुळे फोनला मलमाचा वास येऊ लागला आणि गिऱ्हाइकं तब्येतीची चौकशी करू लागली. महत्त्वाचं बोलताना फोन तांदळाच्या डब्यात घालत असे. मोबाइलच्या दुकानातून एक ॲप घेतलं. 'हे टाकल्यावर तुम्ही कोण आहात हे जगात कुणालाही कळणार नाही,' दुकानदार म्हणाला. त्यासाठी त्याने माझं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी, चेहरा समोरून, डावीकडून, उजवीकडून, आणि बोटांचे ठसे घेतले. मी समाधानाने घरी आले.

मग सगळ्या गल्लीने आपला फोटो काढून कमळाचं चित्र लावलं आणि नावंही काढली. 'दोन वाडगे, एकात ठेचा नको,' असा निरोप कमळाकडून येई. कोणत्या कमळाकडून ते विचारायला मी वाडगे घेऊन दारोदार फिरे. एवढी हेरगिरी कुठल्याही सरकारने केली नसेल.

मेमध्ये कळलं की पाटीची समिती गुरुवारी येणार. क्वेतकाकांच्या अंगणात बैठक झाली. सगळ्यांचे फोन गोळा करून धुलाई यंत्रात ठेवले होते.

"विषय फांदीचा आहे," काका म्हणाले. "फांदी काय सांगते?"

"इथं भोक आहे म्हणून सांगते," थोआ म्हणाली.

"म्हणजे माहिती झाली. चांगली माहिती की चिंताजनक?"



"आणि फुलं लाल आहेत," मागून एक आवाज आला.

"लाल चांगलंच की! झेंडाही लालच आहे."

"गटारात खोचलेलं लाल?"

धुलाई यंत्रात कुणाचा तरी फोन वाजत राहिला. फांदी काढा, असं कुणी म्हणालं नाही. तसं कुठे लिहूनही ठेवलं नाही. फक्त सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी ॲडमिन होते.

बुधवारी संध्याकाळी मी फांदी उपटली, कोयत्याने तोडली आणि रश्श्याच्या चुलीत सारली. हुकूम येण्याआधी पाळला की हुकूम द्यायची वेळच येत नाही, असं स्वतःला समजावलं. आजींसाठी पहाटे पाचला उठायचं आणि त्यांना हात धरून तळ्यापर्यंत न्यायचं, हेही पक्कं ठरवलं.

उठले मी, पाचलाच. रस्सा चढवला. समिती येणार म्हणून म्हटलं, दोन मिनिटं ग्रुप आणखी एकदा चाळून घ्यावा. फेब्रुवारीतला एक निरोप सापडला, 'आज फार उकडतंय.' त्यात तक्रारीचा सूर वाटला. तो पुसत होते तेव्हा आवाज आला. फार मोठा नाही. पाण्यात भोपळा पडावा तेवढा.

आजींचा एक पाय मांडीपर्यंत आत होता. पंखा बाहेर, मिटलेला. थोआ, क्वेतकाका आणि मी, तिघांनी धरून काढलं. घोटा वांग्यासारखा सुजला, वहाण खालीच राहिली. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. कुणी रिक्षा आणायला धावलं, बाकी गल्ली दाटीवाटीने उभी राहिली. तेवढ्यात समितीसाठी फलक बांधायला तोआन आला.

"काय झालं?"

"घसरल्या," क्वेतकाका म्हणाले. "हवा दमट आहे."

"वयही झालंय," कुणी तरी जोडलं.

तोआनने भोकात डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "याला झाकण नाही? कधीपासून? अहो, मी तुमचा ग्रुप रोज वाचतो! एप्रिलपासून एक तक्रार नाही. मीच वर लिहून दिलं की छत्तीसमध्ये सगळं ठीक आहे. आलेली झाकणं मग शेजारच्या वॉर्डात गेली. तुम्ही सांगायचं तरी!"

गल्लीतल्या सगळ्या कमळांनी माना खाली घातल्या. वाचणाऱ्यांपैकी काही जण आता मनात म्हणत असतील, मी असतो तर तोंडावर सांगितलं असतं. म्हणा. पण मनातच म्हणालात ना?

आजींनी वेदनेने डोळे मिटले होते. तसंच विचारलं, "लाल डाग कुठं गेला?"

"वाऱ्याने पडली असेल फांदी, आजी," काका म्हणाले.

"क्वेत, माझे डोळे गेलेत, नाक नाही." आजींनी मान माझ्या टपरीकडे वळवली. "गुलमोहराचं ओलं लाकूड धुमसतंय. रश्श्याला धुराचा वास लागणार आज. लुयेन, तू काढलीस?"

"हो."

"कुणी सांगितलं तुला?"

मी तोआनकडे पाहिलं. सरकारच्या माणसाने 'आम्ही सांगितलं' म्हणावं, अशी इच्छा मला आयुष्यात पहिल्यांदाच झाली. त्याने सावकाश मान हलवली, नाही म्हणून. मग मी क्वेतकाकांकडे पाहिलं. ते आपल्या अंगणातल्या धुलाई यंत्राकडे पाहत होते. थोआने तोंड घालायला वाडगा शोधला, पण हातात काही नव्हतं.

मी आजींच्या पायाशी बसले. घोट्यावरचा चिखल पदराने पुसावा तसा बाहीने पुसला. पुसण्याची मला सवय होतीच.

"कुणीच नाही, आजी," मी म्हणाले. "आम्हीच घाबरलो."