अकरा तारखेला संपणारा महिना

मावशींचा महिना पूर्वी तिसाला संपायचा. नजर अधू होऊन शिवणयंत्र विकल्यापासून त्या सरकारी भत्त्यावर जगत. पुढे महिना विसाला संपू लागला आणि या वर्षी तर अकरा तारखेला चहापत्ती, साबण आणि भत्ता तिन्ही एकदमच संपले. दुसरी एखादी रडत बसली असती. मावशींना कुतूहल वाटलं. हा आकडा ठरवतं तरी कोण, हे विचारायला त्या थेट भत्ता कचेरीत गेल्या.

तीस वर्षांच्या नोकरीत कारकुनाला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते ठाऊक नव्हतं. दोघांनी मिळून कपाट उपसलं, तेव्हा तळाशी यादी सापडली. रोजच्या गरजेच्या चाळीस वस्तू. जिचा भाव सर्वांत जास्त बदलेल, तिच्या प्रमाणात भत्ता बदलायचा. पण यादी होती आजोबांच्या काळातली. कंदिलाची काच, स्टोव्हची पिन, दौतीतली शाई. दरवर्षी कचेरीचा माणूस दुकानात चौकशी करी, दुकानदार म्हणे मिळत नाही, आणि माणूस इमानदारीत लिहून टाकी, भाववाढ नाही.

"एका तरी वस्तूचं चढ्या भावाचं खरं बिल आणा," कारकून म्हणाला. "मग बघू वरचे कसे अडवतात ते."

सात दुकानं पालथी घातल्यावर एका म्हाताऱ्या लोखंडवाल्याच्या माळ्यावर कंदिलाची एक काच निघाली. त्याने धूळ फुंकली आणि चिठ्ठीवरचा जुनाच भाव सांगितला.

"इतकी स्वस्त? थोडं वाढवा की."

"चिठ्ठीवर आहे तेवढेच घेईन."

"अहो, दुप्पट तरी घ्या."

"उभ्या जन्मात कुणाला लुबाडलं नाही, मावशी. आता म्हातारपणी तुमच्यापासून सुरुवात करू?"

मावशी काचेचे गुण गाऊ लागल्या. तो तिच्यातले बुडबुडे दाखवू लागला. या उलट्या घासाघिशीला बघ्यांची गर्दी जमली. त्यात हॉटेलं सजवणारी एक बाई होती. दोन म्हातारी माणसं जिच्यासाठी इतकी भांडतात ती वस्तू साधी नसणार, असं वाटून तिने तिप्पट पैसे पुढे केले. म्हाताऱ्याने तोंड उघडायच्या आत त्याच्या सूनबाईंनी बिल फाडलंसुद्धा. त्याची नक्कल मावशींच्या पिशवीत गेली.

वरच्यांनी बिल उजेडात धरून पाहिलं, पण नियम तो नियम. भत्ता तिप्पट झाला. मावशींचा महिना तिसाला संपून वर तीन दिवस उरू लागले.

तिकडे त्या बाईच्या हॉटेलात कंदील लागला आणि गावातल्या प्रत्येक हॉटेलाला कंदील हवासा झाला. कारखान्यांनी हजारोंनी काचा काढल्या. वर्ष सरता सरता काच जुन्या चिठ्ठीच्याही निम्म्या भावात रस्त्यावर मिळू लागली. कचेरीच्या माणसाने तेही इमानदारीत लिहून घेतलं. आता महिना पाच तारखेला, दुपारच्या चहाआधीच संपणार होता.

मावशी कचेरीत पोचल्या, तेव्हा कारकून टेबलाचे खण रिकामे करत होता. उद्यापासून तो निवृत्त. आणि निवृत्तिवेतनही त्याच यादीला बांधलेलं आहे, हे त्याला आज सकाळीच कळलं होतं.

त्याने यादी घडी करून खिशात घातली आणि खिडकीला वळसा घालून बाहेर आला.

"अजून एकोणचाळीस वस्तू आहेत, मावशी," तो हळूच म्हणाला. "तुम्ही घासाघीस करा. मी बघ्यांत उभा राहतो."